दगड वाचायला शिकू या

आपण अक्षरे शिकलो. आता सातबारा वाचता येतो. पाटी पाहून एस.टी.त बसता येते. पण सगळेच लिखाण कागदावर नसते. काही दगडावर असते, काही मातीच्या पोटात असते. तेही वाचता येते. कसे, ते पाहायला आम्ही तुम्हांला नेवाशाला नेतो.

नेवासा हे अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. नगरहून संभाजीनगरकडे जाताना नेवासा फाटा लागतो. तेथे उतरून गावात जायचे. गाव प्रवरेच्या काठी आहे.

पैस खांब

येथे एक दगडी खांब उभा आहे. त्याला पैस खांब म्हणतात. ज्ञानेश्वर महाराजांनी याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये पुरी झाली. आज खांबाभोवती मोठे मंदिर आहे. पूर्वी तेथे करवीरेश्वराचे देऊळ होते. ते पडले, खांब तेवढा राहिला.

लोक खांबाला डोके टेकवतात आणि पुढे जातात. आम्ही म्हणतो, डोके टेकवा, मग जरा थांबा. खांबावर अक्षरे कोरलेली आहेत. ती जुन्या वळणाची आहेत, म्हणून आपल्याला भरभर वाचता येणार नाहीत. जाणत्यांनी ती वाचली आहेत. करवीरेश्वराच्या दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची ती नोंद आहे. देवळात दिवा जळत राहावा, उद्या कोणी तेल बंद करू नये, म्हणून कोणीतरी ते दगडावर लिहून ठेवले. लिहून ठेवले म्हणून आज कळते. तोंडी बोललेले केव्हाच वाऱ्यावर गेले असते.

लाडमोडची पांढरी

नेवाशाला लाडमोड नावाचे मातीचे टेकाड आहे. वरून पाहिले तर त्यात काय आहे, असे वाटेल. पण शेतकरी काळी आणि पांढरी ओळखतो. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. राख, शेण, पडक्या भिंती यांनी माती पांढरट होते. जेथे पांढरी माती, तेथे कधीतरी माणसे राहिली.

घर पडते. त्याच्यावर नवे घर उठते. तेही पडते. भाकऱ्यांची चळत असते ना, तसे थर चढत जातात. पहिली भाकरी सर्वांत खाली, तसा जुना थर सर्वांत खाली.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी येथे १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. उत्खनन म्हणजे एकेक थर जपून, नोंद करत उकरणे. वरच्या थरांत मराठे व मुसलमानी अमदानीच्या वस्तू निघाल्या. त्यांखाली सातवाहनांचा काळ लागला. त्यात समुद्रापलीकडून आलेल्या रोमन रांजणांचे तुकडे होते. त्याहून खाली सुमारे तीन हजार वर्षांहून जुने शेतकऱ्यांचे गाव लागले. रंगवलेली मडकी होती, तांब्याच्या आणि दगडाच्या वस्तू होत्या. प्रवरेच्या जुन्या वाळूगोट्यांत तर आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली.

त्या गावातले लोक मेलेल्या लहान मुलाला दोन मडक्यांत ठेवत, मडक्यांची तोंडे एकमेकांना जोडत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. माळेच्या दोऱ्यात कापूस आणि रेशीम सापडले. त्या माउलीचे नाव कोणाला ठाऊक नाही. तिला लिहिताही येत नव्हते. पण लेकरू घराबाहेर दूर न्यायला तिचे मन झाले नसावे, एवढे ती माती आपल्याला सांगते.

आता विचार करा. अशा टेकाडाची माती कोणी गाडीने उचलून शेतात टाकली, तर थर एकमेकांत मिसळतात. मग ते पुन्हा कोणालाच वाचता येत नाहीत. पुस्तकाची पाने फाडून चुलीत घालण्यासारखेच हे आहे.

आपल्या वेशीतले दगड

नेवाशाला जाणे जमले नाही, तरी आपल्याच गावात पाहा. वेशीजवळ, मारुतीच्या पारापाशी चित्रे कोरलेला उभा दगड असतो. तो बहुधा वीरगळ. गाईगुरे किंवा गाव राखताना जो पडला, त्याची ती आठवण. तो खालून वर वाचायचा. खाली लढाई असते. मध्ये वीराला अप्सरा वर नेतात. वर तो महादेवाची पूजा करतो. माथ्यावर चंद्रसूर्य असतात. चंद्रसूर्य आहेत तोवर हे नाव राहो, असा त्यांचा अर्थ.

किल्लाही वाचता येतो. नगरचा किल्ला सपाट जागेवर आहे. त्याला भुईकोट म्हणतात. डोंगराचा आधार नाही, म्हणून भोवती खंदक खणला. १५९५-९६ मध्ये मोगलांनी सुरुंग लावून तट फोडला, तेव्हा चांदबिबीने रातोरात खिंडार बुजवून घेतले. १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू तेथे बंदिवासात होते. तेथेच त्यांनी भारताच्या इतिहासावरचा मोठा ग्रंथ लिहिला. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. चौकशी करूनच जावे.

आपण काय करावे

जुन्या दगडावर खिळ्याने नाव कोरू नये. कोरीव अक्षरांवर चुना, तेलरंग फासू नये. सरकारने संरक्षित केलेल्या वास्तूची खराबी केली, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

नांगरताना नाणी, सोने असे गुप्तधन सापडले, तर लपवू नये. त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, असा १८७८ पासूनचा कायदा आहे. पूर्वी लेखी म्हटले, की आपल्याला दुसऱ्याचे पाय धरावे लागत. आता हा अर्ज आपला आपल्याला लिहिता येतो.

शब्दांचे अर्थ
नोंद – लिहून ठेवलेली माहिती
खिंडार – भिंतीला पडलेले भगदाड
वेस – गावात शिरण्याचा दरवाजा

प्रश्न
१. पैस खांबावरच्या अक्षरांत कशाची नोंद आहे?
२. पांढरीची माती का उचलू नये?
३. आपल्या गावातला एक जुना दगड नीट पाहा. त्यावर काय काय दिसते, ते पाच ओळींत लिहा.