हजरत खन्सा (रजि.) : शोकाला वजन देणारी कवयित्री



शिरूर असो वा दौंड, आपल्या घरातील मूल मकतबमध्ये कायदा शिकते आणि शाळेत मराठी वृत्तांचे लघु-गुरू ओळखते. हे दोन निराळे धडे आहेत असे आपण समजतो. वस्तुतः अरबी काव्याचे वजन समजण्यास या दोहोंची जोड पुरेशी आहे.

ज्या अक्षरावर केवळ जबर, जेर किंवा पेश आहे ते लघु. त्यापुढे मद अथवा साकिन अक्षर आले की ते गुरू. या हिशेबाने ‘फऊलुन’ म्हणजे ‘लगागा’, मराठीतील य-गण. तो चार वेळा आला की भुजंगप्रयात होते; मनाच्या श्लोकांचे वृत्त हेच. अरबीत या बहराचे नाव ‘मुतकारिब’.

बनू सुलैम टोळीच्या तुमादिर बिन्त अम्र, अर्थात हजरत खन्सा (रजि.), यांचा सख्र या भावावरील एक प्रसिद्ध शोकगीताचा आरंभ याच बहरात आहे. तेथे तीनदा ‘फऊलुन’ येते आणि शेवटी ‘फअल’, म्हणजे नुसते ‘लगा’. ओळ एक गुरू आधीच थांबते.

बसऱ्याचे खलील बिन अहमद (मृत्यू सुमारे इ.स. ७८६) यांनी बहरांचे शास्त्र बांधले आणि १५ बहर सांगितले, पुढे त्यांत सोळावा मिळाला. हजरत खन्सा (रजि.) त्यांच्या शतकभर आधीच्या. त्यांनी वजन पुस्तकातून नव्हे, कानाने आत्मसात केले होते.

भावांचा मृत्यू इस्लामपूर्व काळातला. पुढे त्या टोळीसह प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आल्या व इस्लाम स्वीकारला. कादिसियाच्या युद्धात चार पुत्र शहीद झाल्याचे कळताच त्यांनी अल्लाहचे आभार मानले, असे परंपरा सांगते. येथे विचार करा : इस्लामने अश्रूंना मनाई केलेली नाही, पुत्र इब्राहीम यांच्या निधनसमयी स्वतः प्रेषितांचे (स.) डोळे पाणावले होते. मनाई आहे ती ऊर बडवून, वस्त्रे फाडून केलेल्या आक्रोशाला. कवींवर टीका करणाऱ्या सूरह अश्-शुअरानेही श्रद्धावंत व सत्कर्मी कवींना अपवाद ठेवले आहे. दुःख असावे, पण ते मर्यादेत असावे. सब्र तो हाच.

आपल्या पुणे जिल्ह्यातही जात्यावर ओवी गाणाऱ्या स्त्रियांनी माहेरचा, भावाचा, मरणाचा शोक असाच कानाने शिकलेल्या मापात बसवला. छंदशास्त्राचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. जाते थांबले आणि ती ओवीही विसरली जात आहे.

म्हणून आज मुलांकडून टाळीच्या ठेक्यावर चार वेळा ‘फऊलुन’ म्हणवून घ्या. मग घरातील आजीजवळ बसा, तिला आठवते ती ओवी वहीत उतरवून घ्या आणि तिचे वजन मुलांनाच शोधू द्या. अल्लाह आपल्याला उपयुक्त ज्ञान आणि सब्र देवो. आमीन.