आधी चाचणी, मग आज्ञावली : ‘च’च्या भाषेवरून एक पाठ

संगणकाकडून एखादे काम करून घेण्यासाठी ज्या सूचना क्रमवार लिहाव्या लागतात, त्यांना आज्ञावली असे म्हणतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आज्ञावली-लेखनाचे उपक्रम सुचविलेले आहेत. या उपक्रमांत एक दोष सहज शिरतो. विद्यार्थी घाईने सूचना लिहितो, यंत्र काही उत्तर देते, आणि यंत्राने दिले म्हणजे ते बरोबरच असणार असे समजून तो पुढे जातो. हा दोष टाळण्याची एक साधी रीत प्रस्तुत पाठात दिली आहे.

रीतीचे स्वरूप

या रीतीत सूचना लिहिण्यापूर्वीच अपेक्षित उत्तर लिहून ठेवावयाचे असते. अमेरिकन तज्ज्ञ केंट बेक यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तिची पद्धतशीर मांडणी केली. तिच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, एक लहानशी चाचणी लिहावी व ती घेऊन पाहावी. सूचना अद्याप लिहिलेली नसल्याने ती नापास होते. या स्थितीस ‘तांबडी’ म्हणतात. दुसरी, ती चाचणी उतरेल एवढीच सूचना लिहावी; ही ‘हिरवी’ स्थिती होय. तिसरी, सर्व चाचण्या हिरव्या असताना सूचनांची रचना स्वच्छ करावी व सर्व चाचण्या पुन्हा घ्याव्यात.

चाचणी प्रथम नापास झालेली पाहणे आवश्यक आहे. ज्या तराजूचे पारडे कधी हलतच नाही, त्याच्या मापावर कोणी विश्वास ठेवीत नाही. कधीच नापास न होणाऱ्या चाचणीचेही तसेच आहे.

उदाहरणाची निवड

इंग्रजी भाषिक देशांत या सरावासाठी ‘पिग लॅटिन’ नावाची मुलांची खेळभाषा पुष्कळदा घेतात. तीत शब्दारंभीची व्यंजने शेवटी नेऊन पुढे ‘ए’ असा ध्वनी जोडतात. मराठी मुलांजवळ ‘च’ची भाषा आहेच. तिचे नियम ठिकठिकाणी थोडे निराळे असतात. या पाठापुरता नियम असा : शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यावे आणि त्याच्या जागी ‘च’ ठेवावा. शब्द एकाक्षरी असेल तर त्यापूर्वी केवळ ‘च’ येईल.

पाठाची मांडणी

पहिली चाचणी : ‘कमल’ दिले असता ‘चमलक’ यावे. ही उतरविण्यास ‘नेहमी चमलक लिही’ एवढी एकच सूचना पुरते. मुले हसतील, हसू द्यावे. ही सूचना पुरेशी नाही हे शिक्षकाने सांगू नये, पुढील चाचणीने सांगावे.

दुसरी चाचणी : ‘गवत’ दिले असता ‘चवतग’ यावे. जुनी सूचना येथे नापास होते, म्हणून खरा नियम लिहिणे भाग पडते : पहिले चिन्ह बाजूला काढ, ‘च’ लिही, उरलेली चिन्हे लिही, शेवटी बाजूला काढलेले चिन्ह लिही. दोन्ही चाचण्या उतरतात.

तिसरी चाचणी : ‘मी’ दिले असता ‘चमी’ यावे. यंत्र मात्र ‘चीम’ असे उत्तर देते. याचे कारण नीट समजावून द्यावे. संगणकात मराठी मजकूर ‘युनिकोड’ या संकेतपद्धतीने साठविला जातो. तीत ‘म’ हे एक चिन्ह व वेलांटी हे दुसरे चिन्ह असते. डोळ्यांना जे एक अक्षर दिसते, ती यंत्राच्या दृष्टीने दोन चिन्हे आहेत. त्यामुळे ‘म’ एकटाच शेवटी गेला आणि वेलांटी ‘च’ला चिकटली.

येथे एखादा विद्यार्थी सुचवील : शब्दात दोनच चिन्हे असतील तर आधी केवळ ‘च’ लाव. ही सूचना स्वीकारून पाहावी. तिसरी चाचणी उतरते. आता चौथी चाचणी घ्यावी : ‘घर’ दिले असता ‘चरघ’ यावे. ‘घर’ या शब्दातही दोनच चिन्हे आहेत, म्हणून उत्तर ‘चघर’ असे चुकीचे येते. पूर्वीच्या नियमाने हा शब्द बरोबर आला असता. घाईच्या उपायाने धड होते तेही बिघडविले. वरवरची मलमपट्टी आणि खरा इलाज यांतील भेद मुलांना येथे आपोआप कळतो.

आता ती सूचना काढून टाकावी व नियम असा सुधारावा : पहिल्या चिन्हामागोमाग येणारे काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार हे सर्व त्याच्यासह बाजूला काढ. चारही चाचण्या उतरतात. ‘पाणी’चे ‘चणीपा’ व ‘किती’चे ‘चतीकि’ हेही बरोबर येते. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते, तरी यंत्रात ती व्यंजनानंतरच साठविलेली असते, हे येथे सांगावे.

पाचवी चाचणी : ‘प्रकाश’ दिले असता ‘चकाशप्र’ यावे. यंत्र ‘च्रकाशप’ असे देते, कारण जोडाक्षर हे ‘प’, पाय मोडल्याची खूण व ‘र’ अशा तीन चिन्हांचे बनलेले आहे. म्हणून नियमात भर घालावी : पहिल्या व्यंजनानंतर पाय मोडल्याची खूण आल्यास ती व तिच्या पुढील व्यंजन घे, पुन्हा तशीच खूण आल्यास हेच पुन्हा कर, त्यानंतर स्वरचिन्हे घे. ‘स्त्री’चे ‘चस्त्री’ होते की नाही हेही पाहावे.

सहावी चाचणी : ‘मी शाळेत जातो’ या वाक्याचे ‘चमी चळेतशा चतोजा’ व्हावे. त्यासाठी मोकळ्या जागांवर वाक्य तोडून प्रत्येक शब्दास वरील नियम लावावा व शब्द पुन्हा जोडावेत.

शेवटी रचना स्वच्छ करावी. पहिले अक्षर वेगळे काढणे हे एक काम, जागा बदलणे हे दुसरे व वाक्य तोडणे-जोडणे हे तिसरे. तिन्ही कामे वेगळी लिहून त्यांस समर्पक नावे द्यावीत आणि सर्व चाचण्या पुन्हा घ्याव्यात.

संगणक नसल्यास

प्रत्येक चिन्ह वेगळ्या चिठ्ठीवर लिहावे. ‘पाणी’साठी ‘प’, काना, ‘ण’ व वेलांटी अशा चार चिठ्ठ्या होतील. एका मुलास यंत्र करावे. लिहिलेली सूचना सांगेल तेवढेच त्याने करावयाचे. दुसऱ्याजवळ अपेक्षित उत्तरांची पाटी द्यावी. तिसऱ्याने सूचना लिहाव्यात. भूमिका आळीपाळीने बदलाव्यात.

पाठाचे महत्त्व

हा केवळ खेळ नव्हे. नावांची आद्याक्षरे काढणारी आज्ञावली पहिले चिन्हच घेत असेल, तर ‘श्रीकांत’चे आद्याक्षर ‘श’ व ‘ज्ञानेश्वर’चे ‘ज’ असे छापले जाईल. मुलाचे नाव यंत्राने मोडले, तर चूक यंत्राच्या सूचनेत आहे, मुलाच्या नावात नाही. मराठी शब्दांवर चाचण्या लिहिणारा विद्यार्थीच ही चूक ओळखू शकतो व दुरुस्त करू शकतो.

दुसरी गोष्ट तितकीच मोलाची आहे. या रीतीत नापास होते ती सूचना, मूल नव्हे. तांबडी चाचणी ही शिक्षा नसून पुढील पावलाची खूण असते, हे कळले की भिडस्त मूलही ‘माझे उत्तर चुकले’ असे वर्गात मोकळेपणाने सांगू लागते.

तथापि सर्व चाचण्या उतरल्या म्हणजे चूक उरलीच नाही, असे समजू नये; ज्या शब्दांचा विचार झाला तेवढेच तपासले गेले. वर दिलेल्या नियमात विसर्ग व अर्धचंद्र यांचा उल्लेख नाही. ‘दुःख’ व ‘डॉक्टर’ या शब्दांची अपेक्षित उत्तरे शिक्षकांनी प्रथम कागदावर लिहावीत, नियम लावून काय येते ते पाहावे आणि मगच नियम सुधारावा. हा अभ्यास स्वतः केल्यावर पाठ वर्गात घेतल्यास तो अधिक चांगला वठेल.