आकाशाकडे नेणारे शिल्प : सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर

उद्दिष्ट : हा भाग अभ्यासल्यानंतर आपणांस मंदिरस्थापत्यातील काही संज्ञांचा अर्थ वास्तूच्या आधारे स्पष्ट करता येईल.

विषय-विवेचन

विद्यार्थी मित्रहो, सिन्नर ही देवगिरीपूर्वीची यादवांची राजधानी. तेथील गोंदेश्वर हे यादवकालीन शिवपंचायतन आहे. मधोमध शिवाचे मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांवर सूर्य, विष्णू, पार्वती व गणेश यांची लहान मंदिरे, अशी त्याची रचना आहे. प्रांगणात उभे राहिल्यावर प्रथम भिंतीवरील मूर्ती दिसतात. परंतु दृष्टी तेथे फार वेळ थांबत नाही. ती वर जाते. असे का होते?

याचे उत्तर शिखराच्या 'भूमिज' शैलीत आहे. शिखराच्या चारही बाजूंच्या मध्यावरून 'लता' नावाचे उभे पट्टे वर चढतात. दोन लतांमधील जागेत छोट्या शिखरांच्या प्रतिकृती ओळीने रचलेल्या असतात. वरच्या प्रत्येक ओळीत त्या लहान होत जातात. त्यामुळे शिखर आहे त्याहून उंच भासते आणि नजर आपोआप आकाशाला भिडते.

आता शब्दांकडे पाहू. 'भूमिज' म्हणजे 'जमिनीतून जन्मलेले' असा अर्थ आपण सहज लावू. तो येथे अपुरा आहे. स्थापत्यात 'भूमी' म्हणजे मजला. छोट्या शिखरांची प्रत्येक आडवी ओळ ही एक भूमी होय. भिंतीच्या भागास 'जंघा' म्हणतात. संस्कृतात जंघा म्हणजे पोटरी. त्यापासून आलेला मराठी 'जांघ' हा शब्द मात्र पायाच्या वरच्या भागाकडे सरकला. 'शिखर' हा शब्द 'शिखा' म्हणजे शेंडी या शब्दाशी निगडित आहे. अशा रीतीने पायापासून शेंडीपर्यंत वास्तूची कल्पना देहरूपाने केली आहे.

तुलनेसाठी अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर पाहावे. तेथील शिलालेख शके 982 (इ. स. 1060) चा आहे. तेही भूमिज शैलीचेच. परंतु तेथे पायऱ्या उतरून गर्भगृहात जावे लागते आणि वर छताऐवजी मोकळे आकाश दिसते. 'अंबर' म्हणजे आकाश. सिन्नरला दगड दृष्टीला आकाशापर्यंत पोहोचवतो. अंबरनाथला आकाशच गाभाऱ्यात उतरते.

संज्ञा पाठ केल्याने परीक्षेतील उत्तर लिहिता येईल. वास्तू मात्र दिसणार नाही. शब्द घेऊन वास्तूसमोर उभे राहिल्यावरच दोन्ही उलगडतात.

स्वयं-अध्ययन

1. 'भूमी' या शब्दाचे व्यवहारातील व स्थापत्यातील अर्थ सांगा.
2. आपल्या परिसरातील एका जुन्या मंदिराचे खालून वर निरीक्षण करा. त्याच्या भागांना गावात कोणते शब्द आहेत, ते वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवा.