‘पुट इट ऑफ’ की ‘पुट ऑफ इट’?

प्रश्न : नोकरीसाठी इंग्रजी सुधारते आहे. फ्रेजल व्हर्ब्जची यादी पाठ आहे, पण बोलताना ‘पुट ऑफ इट’ असं काहीतरी निघतं. काय करू?
– एक वाचक, वारजे, पुणे

उत्तर : यादी मिटून ठेवा. अशी क्रियापदं आपल्याला परकी नाहीत. ‘देऊन टाकलं’ म्हणताना तरी आपण कुठे काय टाकतो? तुमची अडचण अर्थाची नाही, जागेची आहे. ‘पुट ऑफ’ची जोडी फुटते आणि ‘इट’, ‘देम’ ही सर्वनामं मधेच बसतात : ‘पुट इट ऑफ’. ‘द मीटिंग’ मात्र मधे किंवा शेवटी, कुठेही चालतं. ‘लुक ॲट’ फुटत नाही, म्हणून ‘लुक ॲट इट’. कानाला फरक कळतो : पहिल्यात जोर ‘ऑफ’वर, दुसऱ्यात ‘लुक’वर. तेव्हा नवं क्रियापद वहीत ‘इट’सकट लिहा आणि मोठ्याने म्हणा.

मराठी माणसाला खरं नडतं ते वेगळंच. ‘विषयावर चर्चा’ म्हणून ‘डिस्कस ऑन’, ‘तिच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरी विथ’. दोन्हीकडे पुढचा शब्द नकोच. ‘डिपेंड’ला मात्र ‘ऑन’ हवंच.

आणि मुलाखतीत ‘पुट ऑफ’ऐवजी सरळ ‘पोस्टपोन’ म्हणालात, तरी काही बिघडत नाही.