चाकं थांबाले असतात

अमरावतीत बडनेरा रोडला मामांची फॅब्रिकेशनची शेड आहे. गेट, जाळ्या, जिने हा मुख्य धंदा. पण जीव खाण्याच्या गाड्यांमध्ये. दिवाळीत पुण्याहून गेले तेव्हा शेडमध्ये एक लांबलचक, चकाकती पेटी चार चाकांवर उभी होती.

मी: मामाजी, फूड ट्रक का हा?

मामा: ट्रक नाई व बाई. ट्रकले इंजिन असते, याले फक्त हुक हाये. छोट्या हत्तीच्या मांगं जोडाचा अन् वढत न्याचा. ट्रेलर म्हनतात याले.

मी: रोज ओढून नेणार? डिझेलचा खर्च केवढा!

मामा: रोज कायले? एकडाव नेईन अन् ठेवीन. मंग दसऱ्याले धुवाले हालवला त हालवला.

मी: मग चाकं कशाला लावता? सरळ टपरी बांधून द्या की.

मामा: टपरी म्हंजे बांधकाम. अतिक्रमणाचं पथक आलं का पह्यली तीच पडते. चाकं असली का मानसाले म्हनता येते, 'साहेब, पाच मिनिटांत नेतो.' चाकं फिराले नसतात पोरी, थांबाले असतात.

मी: पण फेरीवाल्यांसाठी कायदा आहे ना?

मामा: हाये न. 2014 चा. शहरानं सर्व्हे कराचा, प्रमानपत्र द्याचं, जागा ठरवाच्या. लोकसंख्येच्या 2.5 टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्याचे. समितीत 40 टक्के फेरीवालेच पायजे, अन् त्याइच्यात एक तृतीयांश बाया. सर्व्हे होऊन प्रमानपत्र भेटेपर्यंत कोनाले उठवाचं नाई, असंई लिहेल हाये.

मी: तुम्हाला तर पाठच आहे!

मामा: गिऱ्हाईक येते तवा गाडीचा भाव मांगून विचारते. पह्यले विचारते, 'मामा, लावू कुठी?' चौक ठरल्याबिगर माहा टेपच उघडत नाई.

मी: म्हणजे जागेवरून गाडी ठरते?

मामा: मंग! इर्विन दवाखान्याच्या भवताल सकायी पोहे अन् चहा चालते. तिथलं गिऱ्हाईक रातभर जागेल, उभ्यानं खाते, दोन मिनिटांत जाते. त्याले बाकडं नको, रुंद फळी पायजे, डबा ठेवाले. गाडगे नगरात पोरंपोरी. ते एका प्लेटीवर एक घंटा बसतात, म्हून तिथच्या गाडीले बाहेर उघडनारी फळी, चार स्टुलं अन् लाइटाचा बोर्ड. बोर्डावर तव्यापेक्षा जास्त खर्च करतात, काय सांगू तुले.

मी: आणि गिला वड्याची गाडी?

हा प्रश्न मी मुद्दाम विचारला. अमरावतीबाहेर गेल्यावर सगळ्यात आधी आठवतो तो हा वडाच. पुण्यात मिळतो तो दहीवडा. गोड, गुबगुबीत, पाहुण्यांसमोर ठेवायचा.

मामा: ती सगळ्यात हलकी. उडदाच्या डायीचे वडे तो मानूस घरूनच तयून आनते, पान्यात भिजू घालते, दाबून प्लेटीत टाकते. वरून दही, चिंचेची चटनी अन् तिखट. कढई नाई, त मोठी भट्टी नाई. सायकलची चार चाकं पुरतात. आलूबोंड्याच्या गाडीले मातर कढईचं भोक, वाऱ्याची आड, सिलिंडरचा येगया कप्पा, वजनच दुप्पट.

मी: आपल्याकडं सगळं बेसनाचं अन् तळलेलंच का असतं पण?

मामा: वावरात काय पिकते ते पाय. तूर, हरभरा. अकोल्यात दालमिला किती! बेसन घरचंच समज. अन् कापूस म्हनलं का सरकी आली, सरकीचं तेल आलं. आता सोयाबीनचं आलं, पन कढई तीच. अकोल्याच्या गाड्याइले मी वरून दोन पत्रे देतो, मधात चार बोटं जागा हवा खेयाले.

मी: का बरं?

मामा: मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते तिथं. एका पत्र्याखाली मानूसच तयून निघंन. म्हून एकाच जागी दोन धंदे. सकायी एकाचे पोहे, 11 वाजता तो गाडी काढते. ऊन उतरलं का दुसऱ्याचं चाट. दोघं मिळून गोरक्षण रोडची एक जागा सांभायतात. भांडन झालं नाई अजून.

मी: आणि शेगावची कचोरी? तिला कुठं गाडी होती?

मामा: तिथं चाकं गिऱ्हाइकाच्या खाली होते! भुसावळ-नागपूर लाइन 1867 ची. फायनीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी स्टेशनावर कचोरी सुरू केली. ती थंडी झाली तरी चांगली लागते, म्हून डब्यात चढली अन् दूर दूर गेली. आपला गिला वडा चढला नाई. दही सांडते न.

मी: या ट्रेलरला पैसे कोण देतं?

मामा: बापाचं वावर, नाई त बँक. हातगाडीवाल्याले 2020 मधी स्वनिधी योजनेतून 10,000 चं कर्ज भेटलं. त्यात गाडी होत नाई, भट्टी अन् पत्रा बदलते. पन लॉकडाउनमधी गंजलेल्या गाड्या त्याच पैशानं परत रस्त्यावर आल्या. माह्या शेडमधीच आल्या होत्या किती तरी.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. सोबत शाळेच्या गणवेशातला मुलगा. सांबारवडीची गाडी पाहिजे म्हणाली. मामांनी भाव सांगितला नाही.

मामा: कुठी लावसान?

बाई: राजापेठेत. दिराच्या दुकानाच्या बाजूले.

मामा: तिथं दुपारून ऊन कोन्या अंगानं येते?

बाईनं डोळे मिटून हात वळवून पाहिला आणि डावीकडं बोट केलं. मामांनी तिला तयार पडलेल्या सांगाड्याशी उभं केलं, हात कोपरात वाकवायला सांगितला. कोपर फळीच्या बरंच खाली येत होतं. त्यांनी खिशातून खडू काढून लोखंडावर, तिच्या कोपराच्या उंचीला, एक रेघ ओढली आणि कामावरच्या पोराला म्हणाले, "इथून काप."