डॉक्टरांपुढची दोन मिनिटं

काल जेऊर स्टेशनवर तू गाडीतून उतरलीस ना, तेव्हाच ओळखलं मी. हातात रिपोर्टांची पिशवी, मागे सासूबाई कठड्याला धरून हळूहळू येतायत, आणि तुझा चेहरा पार उतरलेला. “ताई, आख्खा दिवस गेला, आणि डॉक्टरांनी नीट बघितलंसुद्धा नाही,” एवढंच बोललीस आणि रिक्षात बसलीस. रात्रभर माझ्या डोक्यात तेच होतं. म्हणून आज दोन घटका बस, मनातलं सांगते.

खरं सांगू का, तुझं काही चुकलेलं नाही. २०१७ साली जगभरातल्या ६७ देशांमधल्या दवाखान्यांच्या वेळेचा एक अभ्यास आला होता. त्यात दिसलं, आपल्याकडे साध्या तपासणीत एका पेशंटच्या वाट्याला सरासरी दोनेक मिनिटं येतात, आणि स्वीडनमध्ये बाविसाच्या वर. दोन मिनिटांत आपल्याकडे चहाला उकळीसुद्धा येत नाही गं! डॉक्टर वाईट असतात म्हणून असं होतं असं नाही, बाहेर बाकड्यांवर माणसंच तेवढी बसलेली असतात. ती दोन मिनिटं वाढवणं तुझ्या-माझ्या हातात नाही. पण त्यात काय बोलायचं, ते मात्र घरूनच ठरवून निघता येतं.

मी हे ठेच लागून शिकले बघ. आमच्या सासूबाईंना शुगर. पहिल्यांदा सोलापूरला नेलं तेव्हा “रक्त तपासायचंय” एवढंच ऐकलं होतं, म्हणून त्यांना पहाटेपासून उपाशी ठेवलं. त्यात सवयीने सकाळची शुगरची गोळी मात्र दिली. नंबर लागेपर्यंत एक वाजला. त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, आणि माझ्या पिशवीत साखरेचा दाणा नाही. शेजारी बसलेल्या एका बाईंनी लिमलेटची गोळी त्यांच्या तोंडात घातली, म्हणून निभावलं. आणि तपासणी कुठली होती? तीन महिन्यांची सरासरी सांगणारी, एचबीए१सी. तिला उपाशी राहावं लागतच नाही! आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो. तेव्हापासून नंबर लावायला फोन केला की मी आधी हेच विचारते, उपाशी यायचं का, आणि आलो तर सकाळच्या गोळीचं काय करायचं. आणि पिशवीत साखरेची पुडी असतेच. उपाशीपोटीचं रक्त देऊन झालं की लगेच खायला घालायला भाकरीचा डबाही असतो.

फोन करशील तेव्हा आणखी दोन गोष्टी विचारत जा. त्या दिवशी डॉक्टर स्वतः ओपीडीत आहेत की ऑपरेशनचा वार आहे? आणि सांग, “आम्ही जेऊरहून येतोय, परतीची गाडी अमुक वाजता आहे.” हे सांगायला लाजायचं नाही. काउंटरवरची मुलगीसुद्धा कुणाची तरी लेक असते गं, जमेल तिथे पुढेमागे करून देते. न सांगता नुसतं धुमसत बसलो तर तिला कळणार कसं?

आता पिशवीचं सांगते. रिपोर्ट तारखेप्रमाणे लाव, जुना खाली, नवा वर. आणि गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी ने. “ती छोटी पांढरी गोळी” म्हटल्यावर डॉक्टर काय ओळखणार, निम्म्या गोळ्या छोट्या आणि पांढऱ्याच असतात. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली, शेजारणीने दिलेली, वैद्यांचा काढा, सगळं त्यात घाल. तुझ्या सासूबाई म्हणतील, हे कशाला दाखवायचं, डॉक्टर रागावतील. रागावू देत. दुखण्याच्या काही गोळ्यांनी बीपी वाढतं, किडनीला त्रास होतो, त्यांना ते कळायलाच हवं.

आणि वहीचं एक पान फाडून त्यावर तीनच ओळी लिही. सगळ्यात जास्त त्रास कशाचा, तो कधीपासून, आणि आपल्याला काय विचारायचंय. सासूबाई आत गेल्या की धाकट्या जावेच्या बाळंतपणापासून सुरुवात करतात, मला माहीत आहे! त्यांना बोलू दे, पण कागद तू टेबलावर ठेव. उठायच्या आधी विचार, ही गोळी कशासाठी, किती दिवस, आणि काय झालं तर तारखेच्या आधी यायचं. कळलं नाही तर पुन्हा विचार. “डॉक्टरांना काय वाटेल” याचा विचार मी वर्षानुवर्षं केला, आणि घरी आल्यावर चिठ्ठी वाचून घ्यायला मेडिकलवाल्याकडे पळत राहिले.

बीपीचं एक राहिलंच. जिना चढून गेल्यागेल्या पट्टा बांधून घ्यायचा नाही, पाच मिनिटं शांत बसायचं. आणि सासूबाई मिसरी लावतात ना? तपासायच्या आधी अर्धा तास तरी मिसरी नको, चहा नको. तंबाखूने आकडा वर चढतो, आणि मग उगाच गोळी वाढायची वेळ येते. मिसरी सुटली तर सोन्याहून पिवळं, पण ते भांडण आज नको काढूस.

आता तुझ्याबद्दल बोलू? तू परवा म्हणालीस, “अंगावरून पांढरं जातंय, पण खोलीत एवढी माणसं, सांगू कसं?” आणि पोट दुखतंय म्हणून गोळ्या घेऊन आलीस. अगं, मीही हेच केलंय, आणि साधा त्रास वर्षभर अंगावर काढलाय. बघ, आडोशाला तपासणी होणं हा तुझा हक्क आहे. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सोबत बाई असायला हवी. २०२१ साली महाराष्ट्राने नियम सुधारले, तेव्हापासून खासगी दवाखान्यात रुग्णांच्या हक्कांची सनद भिंतीवर लावावी लागते. पुढच्या वेळी नंबरची वाट बघताना ती वाच. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचाही हक्क आहे आपल्याला, त्यात कुणाचा अपमान नसतो.

आणि दर वेळी सोलापूर कशाला गं? नुसतं बीपी आणि शुगर बघायची तर उपकेंद्रातही बघतात, ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं करून देतात. करमाळ्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या अशा दवाखान्यांत केस पेपरपासून तपासणीपर्यंत पैसे लागत नाहीत. तुझी नणंद पोटुशी आहे ना? दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी होते, तिला तारीख लक्षात ठेवायला सांग. सोलापूरची फेरी खरंच लागेल तेव्हासाठी ठेव.

फक्त एक मनात पक्कं ठेव. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम सुटला, हातात कळ गेली, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, एका अंगाची ताकद गेली, तर नंबर नाही, फोन करून विचारणं नाही, “सकाळी बघू” तर मुळीच नाही. १०८ लाव. लकव्यात रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि इथून मोठ्या दवाखान्यात पोचण्यातच त्यातला किती वेळ जातो तुला माहीत आहे. घरातली माणसं केळीचा माल भरायला गेली असतील तरी थांबू नकोस, शेजारी हाक मार, मला हाक मार.

पुढचा नंबर मंगळवारचा ना? मग सोमवारी संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की ती पिशवी घेऊन आमच्याकडे ये. ओट्यावर सगळं पसरू, तारखा लावू, आणि तो कागद तुझ्या अक्षरात लिहू. माझं अक्षर डॉक्टरांनाही लागणार नाही. आणि मंगळवारी गाडीत बसायच्या आधी काहीतरी खा, सासूबाईंच्या डब्यात तुझीही भाकरी घे.