परवलीचा शब्द आणि किल्ली

शाळेच्या दप्तरात जनरल रजिस्टराचे स्थान सर्वांत वरचे आहे. मुलाचे नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याचा व शाळा सोडल्याचा दिवस या नोंदी त्यात एकदा झाल्या म्हणजे त्या मुलाला जन्मभर पुरतात. म्हणूनच हे रजिस्टर कपाटात ठेवावे, कपाटास कुलूप असावे आणि किल्ली मुख्याध्यापकाजवळ राहावी, असा दंडक आहे. आज त्याच नोंदी कपाटाबाहेरही गेल्या आहेत. राज्याची सरल प्रणाली २०१५ साली सुरू झाली; तिच्या जोडीला यू-डायस प्लस, वेतनाची शालार्थ, प्रशिक्षणाची दीक्षा अशी निरनिराळी दालने उघडली. प्रत्येक दालनात प्रवेश करण्यासाठी एक नाव व एक परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, लागत आला आहे. कपाटाच्या किल्लीविषयी दक्ष असणारा शिक्षक या शब्दाविषयी मात्र पुष्कळदा निष्काळजी असतो. याला तो एकटाच जबाबदार आहे असे मात्र नव्हे.

केज तालुक्यातील युसूफ वडगाव व त्यासारखी गावे आणि त्यांच्या भोवतालच्या वस्त्या यांवरील शाळा डोळ्यांसमोर आणाव्यात. शाळेचा यू-डायस क्रमांक अकरा अंकी असतो. त्यातील पहिले दोन अंक, २७, महाराष्ट्राचे. हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर ठळक रंगवलेला असतो आणि तो तसा असावयासही हवा. परंतु शाळेच्या प्रवेशासाठी हाच क्रमांक नाव म्हणून वापरला गेला की कुलपाचा अर्धा भाग गावाला ठाऊक झाला. उरला तो परवलीचा शब्द. माहिती आज सायंकाळपर्यंत भरावी असा निरोप दुपारी येतो, शाळेत नेट चालत नाही, आणि मग तो शब्द कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून सेवा केंद्रावरील मुलाच्या हाती दिला जातो. त्या दिवसापासून तो शब्द गुप्त राहिला असे कोणास म्हणता येईल?

दोष केवळ सवयीचा नाही; तो या युक्तीतच आहे. लष्करी छावणीत रात्री येणाऱ्यास पहारेकरी परवलीचा शब्द विचारतो. येणाऱ्याने तो उच्चारला म्हणजे त्यास आत सोडतात. पण शब्द ठाऊक आहे हे सिद्ध करण्यासाठी तो उच्चारावा लागतो, आणि उच्चारला की जवळपास कान देऊन उभा असणाऱ्यासही तो कळतो. शिवाय पहारेकऱ्यालाही तो ठाऊक असावाच लागतो. पहारेकरी फितूर झाला तर सारी छावणी उघडी पडते.

संगणकावर ही युक्ती आली ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत. १९६१ च्या सुमारास तेथे फर्नांडो कॉर्बाटो यांच्या मार्गदर्शनाखाली एकाच यंत्रावर अनेकांना काम करता येईल अशी व्यवस्था उभारण्यात आली. प्रत्येकाचे काम निराळे राहावे म्हणून प्रत्येकास एक शब्द देण्यात आला. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, ॲलन शेर नावाच्या संशोधकाने आपल्या वाट्यास येणारा यंत्राचा वेळ अपुरा पडतो म्हणून सर्वांच्या शब्दांची यादीच यंत्राकडून छापवून घेतली आणि इतरांच्या नावांवर काम केले. युक्तीचे वय अवघे वर्षाचे, तोच तिची चोरी झाली! त्यानंतर शब्द गुंतागुंतीचे करणे, ते वरचेवर बदलणे, मूळ शब्दाऐवजी त्याचे गणिती रूपांतर साठवणे असे उपाय झाले. मोबाइलवर येणारा ओटीपी हा त्यांतलाच एक. तो एकदाच वापरावयाचा शब्द होय. तथापि तो उच्चारताही येतो, आणि 'बँकेतून बोलतो आहे' असे म्हणणाऱ्या ठकास अनेकांनी तो उच्चारून दाखवलाही आहे.

मग शब्द न उच्चारता ओळख पटवता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर गणिताने दिले. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी दोन किल्ल्यांची कल्पना मांडली: एक उघड, जगाला द्यावयाची, दुसरी गुप्त, स्वतःपाशी ठेवावयाची. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन या तिघांनी ती प्रत्यक्षात आणण्याची एक रीत शोधली. तिचे मर्म सातवीच्या वर्गातही दाखवता येते. ५३ व ७१ या दोन मूळ संख्या फळ्यावर लिहून मुलांना गुणाकार करण्यास सांगावे. ३७६३ हे उत्तर कोणीही मिनिटात काढील. आता दुसऱ्या वर्गास नुसती ३७६३ ही संख्या देऊन तिचे मूळ अवयव विचारावेत. २, ३, ५, ७ असे भागून पाहता पाहता मुले थकतात. चार अंकांस इतका त्रास, तर शेकडो अंकांच्या संख्येस किती होईल, हे मुलांनीच सांगावे. जाणे सोपे, परतणे अवघड, अशा वाटेवर ही किल्ल्यांची जोडी बेतलेली आहे. आज प्रचारात असलेल्या रीतींपैकी काहींचे गणित निराळे आहे, पण जात तीच.

हे ध्यानी येण्यास जुन्या पाटलाच्या शिक्क्याचा दाखला उपयोगी पडेल. महजरावर उमटलेला ठसा सर्वांनी पाहावा, पडताळावा; शिक्का मात्र ज्याचा त्याच्या कनवटीस. लाकडी शिक्क्याची नक्कल ठशावरून करता येत असे, हा त्यातील उणेपणा. गणिती शिक्क्याची नक्कल ठशावरून करणे व्यवहारात अशक्य, एवढाच फरक. दालनाचा पहारेकरी दर वेळी एक नवीन संख्या पुढे करतो. मोबाइल त्या संख्येवर आपल्या गुप्त किल्लीने ठसा उमटवून परत धाडतो. पहारेकरी आपल्याजवळील उघड किल्लीने तो पडताळून पाहतो. कालचा ठसा आज चालत नाही. पहारेकऱ्याचे दप्तर चोरीस गेले तरी चोराच्या हाती उघड किल्ल्याच लागतात, आणि त्यांनी कोणतेही दार उघडत नाही.

यालाच आता पासकी म्हणतात. मे २०२२ मध्ये ॲपल, गूगल व मायक्रोसॉफ्ट या तिन्ही कंपन्यांनी ही रीत आपल्या सर्व साधनांवर आणण्याचे एकत्रितपणे जाहीर केले. तिचा एक गुण विशेष सांगण्याजोगा आहे. ही किल्ली ज्या संकेतस्थळासाठी घडवली त्याच्या नावाशी जखडलेली असते. खोट्या दालनाने खऱ्यासारखा हुबेहूब वेश घेतला, तरी माणूस फसेल, किल्ली फसणार नाही. नाव जुळले नाही तर ती हलतच नाही.

येथे एका गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. मोबाइल उघडताना लावलेला अंगठा पासकीच्या रीतीत मोबाइलबाहेर जात नाही; तो केवळ घरातली पेटी उघडतो. आधारची गोष्ट निराळी आहे. तेथे अंगठ्याचा ठसा मध्यवर्ती भांडारातील ठशाशी ताडून पाहिला जातो. आधारचे पहिले क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी देण्यात आले, ही महाराष्ट्राच्या शिक्षकास ठाऊक असावी अशी बाब आहे. पुढे २०१५ साली डिजिलॉकर सुरू झाले. २०२२ साली 'मेरी पहचान' ही राष्ट्रीय व्यवस्था आली. तिच्या योगे एकाच ओळखीवर सरकारची अनेक दालने उघडतात. दहा शब्द पाठ करण्याचा जाच त्यामुळे वाचतो. पण एका किल्लीने दहा कुलुपे उघडू लागली म्हणजे ती एक किल्ली हरवणे दहापट महाग पडते, हेही खरे.

ही सर्व व्यवस्था क्लाउडवर चालते. क्लाउड म्हणजे ढग हा शब्दार्थ मुलांना फसवतो. वस्तुतः तो जमिनीवरच असतो. कोठल्या तरी इमारतीत रात्रंदिवस चालणारे, दुसऱ्याच्या ताब्यातील ते संगणक होत. मोबाइल फुटला तरी नव्या मोबाइलवर किल्ल्या परत मिळतात, त्या तेथे ठेवलेल्या कुलूपबंद प्रतीमुळे. सोय मोठी, पण भांडार सांभाळणाराही सावध हवा. दीक्षा प्रणालीची माहिती ठेवलेले एक क्लाउड भांडार संरक्षणावाचून उघडे राहिले आणि त्यात दहा लाखांहून अधिक शिक्षकांची व सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती होती, असे वृत्त जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्या दाराचे कुलूप कितीही उत्तम असले, तरी मागील दार उघडे राहिल्यास त्याचा काय उपयोग?

परंतु बीड जिल्ह्याच्या दृष्टीने खरा पेच याहून निराळा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहते. मोबाइल मात्र बापाबरोबर फडावर जातो. शाळेत मुलाचा आधार पडताळावयाचा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा, अपार क्रमांकासाठी आईवडिलांची संमती घ्यावयाची. इकडे शिक्षक संगणकापुढे बसलेला आणि ओटीपी तिकडे उसाच्या फडात, बहुधा चार्जिंग संपलेल्या मोबाइलवर. कोयता धरून बोटांवरील रेषा झिजल्या असल्या तर अंगठाही उठत नाही. शब्दाच्या जागी किल्ली आली तरी हा पेच आपोआप सुटत नाही; उलट तो घट्ट होण्याचा संभव आहे. शब्द निदान फोनवरून सांगता तरी येत असे. किल्ली सांगता येत नाही, हाच तर तिचा गुण.

म्हणून जेथे ओळख पटत नाही तेथे मुलास दोषी धरता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही असे स्पष्ट केले, आणि आधार नाही म्हणून कोणत्याही मुलास योजनेच्या लाभापासून वंचित ठेवू नये असेही सांगितले. पाच वर्षांखालील मुलाचे ठसे आधारसाठी घेतलेच जात नाहीत. ते पाचव्या व पुन्हा पंधराव्या वर्षानंतर द्यावयाचे असतात. दुसरी ते चौथीतील एखाद्या मुलाची नोंद जुळत नसेल, तर पाचव्या वर्षानंतरचे हे काम राहून गेले आहे काय, हे प्रथम पाहावे. ते करून घेण्यास कुटुंब गावात असण्याचा काळ, म्हणजे वैशाखापासून भाद्रपदापर्यंतचा, सर्वांत सोयीचा. कार्तिकात यादी काढून पालकांस फोन करीत बसण्यात शिक्षकाचा वेळ जातो आणि पालकाची मजुरी बुडते.

संमतीपत्रावर सही घेतानाही पालकास मजकूर वाचून दाखवावा. अपारसाठी संमती देणे न देणे पालकाच्या इच्छेवर आहे; ही गोष्ट मौनाखाली झाकून घेतलेली सही ही संमती नव्हे.

शाळेच्या स्वतःच्या किल्लीविषयी एक उणीव बहुतेक ठिकाणी आढळते. मुख्याध्यापकाची बदली होते, चार्ज यादीत कपाटे, बाके, तराजू, नकाशे यांची नोंद होते. पण शाळेचा ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो क्रमांक जुन्याच मुख्याध्यापकाचा राहतो. मग नवा मुख्याध्यापक दर कामास जुन्यास फोन करतो, आणि जुना तासावर असला तर काम अडते. चार्ज यादीत यापुढे पुढील नोंदी वेगळ्या कराव्यात: कोणत्या दालनास कोणाचा मोबाइल क्रमांक जोडला आहे, तो कोणत्या तारखेस बदलला, आणि शाळेच्या नावाची पासकी कोणाच्या खासगी मोबाइलवर असल्यास ती कोणत्या तारखेस काढून टाकली. परवलीचा शब्द मात्र त्या यादीत लिहू नये. यादीवर दोघांच्या सह्या होतात आणि तिची एक प्रत केंद्रशाळेत जाते. नव्या मुख्याध्यापकाने पहिल्याच दिवशी नवा शब्द योजावा, आणि सेवा केंद्रावर जावे लागलेच तर तो स्वतःच्या हाताने टंकावा.